कुंडातलं पाणी कोणी नासवलं

आमच्या मंडळाची स्मरणिका निघते आहे. जुन्या सभासदांनी सहलींच्या आठवणी लिहून द्याव्यात असा निरोप आला. माझ्याकडून तळ्याकाठच्या, तंबूत राहिलो त्या सहलीची आठवण हवी आहे, कारण तेव्हा मी चिटणीस होतो आणि तिचं इतिवृत्त मीच लिहिलं होतं. ते इतिवृत्त खोटं आहे. त्यापायी एका माणसाच्या हातातलं पाण्याचं काम गेलं आणि तो पुन्हा संडास धुवायला लागला. याला सहा वर्षं झाली. मी आता सत्याहत्तरचा आहे. गोड आठवणी दुसरे कोणी लिहितील.

जे नव्याने मंडळात आले त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी दिल्लीत आलेली बौद्ध कुटुंबं. पूर्वी बहुतेक सगळे सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये होतो, निवृत्तीनंतर कोणी द्वारकेला गेलं, कोणी नोएडाला, कोणी गाझियाबादला. दरवर्षी मार्चमध्ये महाडच्या तळ्याची आठवण म्हणून आम्ही कुठल्या तरी पाण्यावर जातो आणि प्रत्येक जण आपल्या हाताने एक ओंजळ पाणी पितो. कोणी कोणाला वरून ओतायचं नाही, एवढाच नियम. माझ्या आईला गावच्या विहिरीवर लांब उभं राहून, कोणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरावी लागायची. त्यामुळे हा नियम मला पाठ करावा लागला नाही.

पण दिल्लीत पिण्याजोगं पाणी कुठे आहे? एका वर्षी यमुनेकाठी गेलो होतो. साबणाच्या फेसासारखा फेस आणि त्यात तरंगणारी मेलेली कोंबडी पाहून आम्ही सगळे घरून आणलेल्या बाटल्यांतलं पाणी प्यालो आणि परत आलो. म्हणून त्या वर्षी अध्यक्षांनी अरवलीच्या जंगलातलं एक तळं शोधून काढलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त चीफ इंजिनिअर, उभा जन्म पाण्याच्या खात्यात गेलेला. शुक्रवारी दुपारी कोपर्निकस मार्गावरून आमची बस निघाली. हरियाणातून तीन तास, शेवटचा तासभर कच्चा रस्ता, मग फोनची रेंज गेली आणि तळं आलं.

जाहिरातीत ते निळं होतं. प्रत्यक्षात काठापासून दहा हात आतपर्यंत हिरवं शेवाळ साचलेलं, त्यात म्हशी बसलेल्या, काठावर शेणाचा चिखल आणि चिखलात वेफर्सची पाकिटं रुतलेली. तंबूंना बुरशीचा वास येत होता. गाद्यांना आधी राहून गेलेल्यांच्या पायांचा. संडासाचे चार तंबू होते. आत खड्डा, त्यावर भोक पाडलेली लाकडी खुर्ची, बाजूला राखेची बादली आणि माशा. त्या माशा उडतसुद्धा नव्हत्या, इतक्या तृप्त होत्या. कँपचा मॅनेजर मात्र हे सगळं 'नेचरच्या जवळ' आहे म्हणून सांगत होता. प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी होती. पिण्याचं पाणी वरच्या कपारीतल्या झऱ्याचं. झऱ्याखाली जुनं दगडी कुंड होतं, त्यातून घडे भरून आणत.

अध्यक्षांनी तळ्याच्या काठी उभं राहून नाकाला रुमाल लावला. "हे पाणी पिण्यालायक नाही. ओंजळीपुरतं कुंडातलं घेऊ."

आम्ही सगळी सरकारी माणसं. जेवणाच्या तंबूतसुद्धा आमचा ठराव होतो. सूचक अध्यक्ष, अनुमोदक मी. एकमताने मंजूर.

मग कुंड पाहायला आम्हाला घेऊन गेला तो पाणी भरणारा माणूस. चाळिशीचा, काटक, खांद्यावर धुतलेला पांढरा पंचा. कुंडाच्या तीन पायऱ्या होत्या. त्याने आम्हाला वरच थांबवलं. "जूते यहीं, साहब. नीचे मेरे सिवा कोई नहीं उतरता." घड्याच्या तोंडावर दुहेरी मलमल बांधून तो पाणी गाळून घेत होता. अध्यक्षांनी खुश होऊन मान डोलावली.

परतताना तो माझ्याबरोबर चालत होता. संडासाच्या तंबूंकडे हनुवटी उडवून म्हणाला, "पहले मैं वो देखता था. दो साल हुए, मालिक ने पानी दे दिया. हमारे मोहल्ले में आज तक किसी को पानी नहीं मिला था, साहब. घरवाली पहले हफ़्ते रोज़ पूछती थी, आज भी पानी ही भरा ना?"

मी त्याला आम्ही कशासाठी आलो आहोत ते सांगितलं, आईच्या विहिरीची गोष्टही सांगितली. तो थांबला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसला. "अच्छा! आपके यहाँ भी? आप तो अफ़सर लगते हो."

"अफ़सर बाद में बने," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

त्या संध्याकाळी संडास साफ करणारा माणूस आला नाही. मॅनेजरने याच्याच हातात झाडू दिला. याने तोंडाला पंचा बांधून चारही खड्डे साफ केले, मग हापशावर जाऊन साबण लावून डोक्यापासून आंघोळ केली, नखंसुद्धा काडीने कोरली. मी समोरच खुर्ची टाकून चहा पीत बसलो होतो. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो पुन्हा पाण्याला हात लावायच्या आधी किती घासून अंग धूत होता हे सांगू शकेल असा तिथे मी एकटाच होतो.

आता शनिवार सकाळ. सहलीला निघण्याआधी मी पानिपतला एका लग्नाला गेलो होतो आणि तिथलं पनीर मला बाधलं होतं. दोन दिवस पोट बिघडलेलं होतं, पण चिटणीस सहलीला नाही म्हणजे कसं, म्हणून गोळ्या घेऊन आलो. उजाडता उजाडता कळ आली. संडासांपुढे पाच-सहा बायका-पुरुष टमरेलं घेऊन उभे होते. निवृत्त अंडर सेक्रेटरीने पोट धरून "मला आधी जाऊ द्या" म्हणायचं? मी बाटली घेऊन फिरायला निघाल्यासारखा वर चढलो.

कपारीच्या मागे बसेपर्यंत उशीर झाला होता. अर्धं पायजम्यात गेलं. बाटलीतलं पाणी पुरेना. हात भरलेले, पाय भरलेले, त्या वासाने मलाच ओकारी येत होती. आणि चार पावलांवर कुंड होतं. मी चपलांसकट तीन पायऱ्या उतरलो. तिथे बसून मी ढुंगण धुतलं, हात धुतले, पायजमा काढून पाण्यात खळबळला, पिळला आणि तसाच ओला घातला. पाणी पिवळं झालं, मग हळूहळू निवळलं. झऱ्याचं पाणी आहे, वाहून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते कुंड साठवणीचं होतं. झरा करंगळीएवढा होता. काल अध्यक्षांनीच ते मोजून दाखवलं होतं.

उतरताना तो रिकामे घडे घेऊन वर येत होता. "राम-राम साहब. इतनी सुबह?"

"टहलने," मी म्हणालो.

त्याने माझ्या ओल्या पायजम्याकडे पाहिलं, बाजूला होऊन मला वाट दिली आणि वर गेला. तेव्हा त्याला थांबवायला एक शब्द पुरला असता. तंबूत बायको उठली होती.

"अहो, पायजमा ओला कसा?"

"दवात चाललो."

"एवढं दव?" म्हणाली आणि केस विंचरायला लागली.

नऊ वाजता तळ्याकाठी कार्यक्रम झाला. अध्यक्ष बोलले, छान बोलले. पाणी कोणाच्या बापाचं नसतं, असं काहीतरी म्हणाले आणि टाळ्या पडल्या. घडे मांडलेले होते, पांढऱ्या मलमलीखाली. एकेक जण पुढे येऊन ओगराळ्याने आपल्या ओंजळीत पाणी घेत होता आणि पीत होता. बायका, पोरं, काठी टेकत आलेले म्हातारे. अध्यक्षांची चार वर्षांची नात दोन्ही हातांनी पाणी सांडत प्याली आणि "और" म्हणाली. सगळे हसले. माझ्या बायकोने पाणी भरणाऱ्याला हाक मारली, "भैया, आप भी लीजिए." तो आधी नको म्हणाला, मग पुढे आला, डोळे मिटून प्याला.

माझी पाळी आली. मी ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि बोटं सैल करून पाणी कोपरावरून खाली सोडलं. ओठ पुसले. शेजारी माझी बायको प्याली. मी बघत होतो. बोलायचंच नव्हतं तर निदान एकेक घडा लाथेने उलथता आला असता, पाय घसरला म्हणता आलं असतं. मी तेही केलं नाही.

रविवारी पहाटेपासून कँपभर ओकाऱ्यांचे आवाज सुरू झाले. दुपारपर्यंत एकोणीस जण आडवे होते. ते सगळं लिहिणं भाग आहे, कारण इतिवृत्तात मी फक्त 'काही सभासदांची प्रकृती बिघडली' एवढंच लिहिलं आहे. संडासापर्यंत पोचायला जमेना म्हणून माणसं तंबूंच्या दोरांना धरून तिथेच बसत होती. भल्या भल्या खात्यांतून निवृत्त झालेले अधिकारी एकमेकांपासून तोंड फिरवून वाळूत. शेवाळ, शेण, ओकारी आणि वर ऊन. माझी बायको माझ्याच टमरेलात ओकत होती आणि मी तिची पाठ चोळत होतो. तिच्या पोटात मीच घातलेलं बाहेर येत होतं. अध्यक्षांच्या नातीचे डोळे आत गेले होते, तिला मॅनेजरच्या जीपने गुरुग्रामला नेलं. दोन दिवस सलाईनवर होती. वाचली.

मग चौकशी समिती बसली. हो, समिती. अध्यक्ष, आणि सदस्य सचिव मी. हगवणीने बेजार झालेल्या अवस्थेतसुद्धा आम्ही टेबलामागे दोन खुर्च्या मांडल्या आणि त्याला समोर उभं केलं. तोही आजारी होता. चेहरा पांढराफटक, पंचा तोंडाशी.

"परसों शाम टॉयलेट तुमने साफ़ किये?" अध्यक्षांनी सुरुवात केली.

"जी. मैनेजर साहब ने बोला था."

"और पानी भी तुमने भरा. उन्हीं हाथों से."

"नहाया था, साहब. साबुन से."

"किसने देखा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीवर लिहीत होतो. मी लिहीतच राहिलो.

अध्यक्षांनी विचारलं, "पूरा नाम क्या है?"

त्याने सांगितलं. दिल्लीत आल्यावर माझ्या पहिल्या घरमालकाने, माझ्या पहिल्या सेक्शन ऑफिसरने, माझ्या मुलाच्या शाळेतल्या क्लार्कने मला हाच प्रश्न ह्याच आवाजात विचारला होता. मराठी आडनावावरून दिल्लीवाल्याला काही कळत नाही, म्हणून मी दर वेळी सुटलो होतो. तो हरियाणातच राहणारा, तो कुठला सुटतो. अध्यक्षांनी माझ्याकडे झुकून मराठीत म्हटलं, "बघा. संडासवाल्याला पाण्यावर ठेवलाय. आपण जात बघत नाही हो, पण हायजीन म्हणून काही आहे की नाही?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"तुम ख़ुद बीमार थे, तो पानी क्यों भरा?"

"साहब, मैं तो वही पानी पीके बीमार हुआ." मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "साहब, आप तो सवेरे ऊपर थे. आपने किसी को देखा वहाँ?"

माझ्या पेनाची निब कागदावर टेकलेली होती. तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"नहीं," मी म्हणालो. "कोई नहीं था."

कँपच्या मालकाला पत्र मीच लिहिलं, हिंदीतून. माझ्या हिंदी टिप्पणीचं खात्यात नाव होतं. 'अतः अनुरोध है कि पेयजल का कार्य किसी अन्य उपयुक्त व्यक्ति को सौंपा जाए.' उपयुक्त हा शब्द मी विचार करून घातला होता. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं आणि कायम झालं.

बायकोने तो पायजमा धुतला नाही, फरशी पुसायलाही ठेवला नाही, एक दिवस कचऱ्याच्या पिशवीत कोंबला. मला काही विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, न विचारताच. ती असती तर मी अजूनही गप्प बसलो असतो, हेही खरं आहे. तिच्यासमोर घाण व्हायची माझी तयारी नव्हती.

गेल्या महिन्यात स्मरणिकेचं पत्र आलं आणि मी मुलाला म्हणालो, मला त्या तळ्यावर घेऊन चल. तो म्हणाला, "बाबा, तिथे काय आहे यार? इन्स्टावर रिव्ह्यू बघा, टॉयलेट डर्टी म्हणतात." तरी आला. गाडीतच बसला.

तळं तसंच होतं, जरा आटलेलं. संडास आता पक्के झाले होते, निळ्या फरश्यांचे. त्यातल्या एकातून फिनाइलची बादली घेऊन तो बाहेर आला. केस पिकले होते. मला त्याने लगेच ओळखलं.

"चिट्ठी वाले साहब."

तिथेच, संडासाच्या दारात, मी त्याला सगळं सांगितलं. कपारीमागे बसलो ते, पायऱ्या उतरलो ते, प्यालो नाही ते. त्याने बादली खाली ठेवली.

"चप्पल पहन के उतरे थे?"

"हो... हाँ."

"कीचड़ के निशान देखे थे मैंने. सोचा, कोई बंदर-वंदर होगा." मग म्हणाला, "झूठ बोला मैंने. बंदर नहीं सोचा था. पर आपके बारे में ऐसा सोचते शर्म आई. आपने अपने यहाँ की बात बताई थी ना, कुएँ वाली."

मी माफी मागितली. तो म्हणाला, माफी काय करू, लिहून द्या. तेही लिहूनच दिलं होतं ना? खिशातून मी वही काढली, गुडघ्यावर ठेवून लिहिलं. त्याने कागद घेतला आणि मॅनेजरच्या खोलीत नेला. मॅनेजर नवा होता, तरुण. त्याने मोठ्याने वाचलं: 'मेरी अस्वस्थता के कारण अनजाने में जल-स्रोत दूषित हुआ.'

"ये क्या लिखा?" ते ऐकून पाणी भरणाऱ्याने मला विचारलं. "इसमें आप कहाँ हो? इसमें टट्टी कहाँ है? और अनजाने में? आपको तो मालूम था."

मी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की मी टट्टी केली, पिण्याच्या कुंडात ढुंगण आणि पायजमा धुतला, हे माहीत असून लोकांना ते पाणी पिऊ दिलं, आणि हा माणूस आंघोळ करून पाण्याला गेला होता, मी पाहिलं होतं. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. चाळीस वर्षांत मी इतकं सरळ वाक्य कागदावर लिहिलं नव्हतं.

मॅनेजर वाचताना हसायला लागला, मग हसू आवरलं. "अंकल जी, अब क्या फ़ायदा? आरओ लग गया है. पानी भरने का काम ही नहीं रहा."

म्हणजे त्याला परत द्यायला आता ते कामच शिल्लक नव्हतं. त्याला हे माहीत होतं. त्याने कागदाची चार घड्यांची घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. "घरवाली को दिखाऊँगा. हमारे मोहल्ले में सब यही बोलते हैं कि इसने पानी में हाथ डाल दिया. वो भी कभी-कभी पूछ लेती है, सच बताओ, धोए थे ना?"

मग म्हणाला, "और वो लोग? जिनको पिलाया था? उनको मालूम है?"

आता तिथे रेंज येते. मी अध्यक्षांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझी नात होती हो त्यात." मी हो म्हणालो. मग त्यांचा आवाज नेहमीचा झाला. "हे बघा, इतिवृत्त कायम झालंय. कायम झालेलं बदलता येत नाही, तुम्हाला मी सांगायला नको. आणि असलं घाणेरडं स्मरणिकेत? बायका-मुलं वाचतात. छोड़ो ना यार, बिल्कुल छोड़ो." फोन ठेवला.

त्याला मराठी कळली नव्हती, शेवटचं मात्र कळलं होतं. "छोड़ दोगे?"

"नाही," मी म्हणालो. "लिखूँगा. सबको भेजूँगा."

म्हणून हे लिहिलं. अध्यक्ष छापणार नसतील तर मी प्रती काढून प्रत्येक घरी टपालाने पाठवीन, पत्ते सगळे माझ्याकडे आहेत. त्या दिवशी ज्यांनी ओंजळ घेतली ते माझी घाण प्याले. ज्यांना हे वाचून मळमळेल, त्यांनी माझ्या नावाने खुशाल थुंकावं. पण त्या माणसाचं नाव घेऊन थुंकू नये, आणि कुठल्याच नावाच्या माणसाला पाण्यावरून उठवू नये.

त्याच्याशी हे बोलणं झालं तेव्हा फाटकाशी पर्यटकांची बस येऊन थांबली होती. पोरं ओरडत उतरत होती, त्यातली दोन सरळ संडासाकडे धावली. तो बादलीकडे वळला. मी आधी वाकून बादलीच्या कडीला हात घातला.

"रहने दो, साहब," त्याने माझा हात बाजूला केला. "ये मैं कर लूँगा. आप वो लिखो."

आणि तो आत गेला. मी गाडीपर्यंत आलो तरी फरशीवर झाडू घासल्याचा आवाज येत होता.